गाडी मधेच बंद पडते आणि मिस्त्रीसमोर मात्र नीट चालते, तेव्हा काय करायचं

आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीला मधे एक विचित्र खोड लागली होती, मेव्हणा चालवायला बसला की बंद पडायची आणि मी बसलो की शहाण्यासारखी चालायची. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की ह्याला जुनी गाडी जमत नाही, क्लच सोडता येत नाही, वगैरे, आणि तो बिचारा तीन महिने ऐकून घेत होता. मग जुलैच्या पावसात सायन सर्कलला ती माझ्याच हातात गेली, मागे बेस्टची बस, बसच्या मागे अख्खं धारावी हॉर्न मारतंय, आणि दोन मिनिटांनी चावी फिरवली तर काही झालंच नाही अशी चालू. तोपर्यंत आम्ही काय काय बदललं होतं सांगतो: कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, चारही प्लग, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम. गॅरेजवाल्याचं पण काय चुकलं म्हणा, त्याच्यासमोर गाडी कधी बंदच पडायची नाही, मग तो अंदाजाने एकेक पार्ट बदलणार.

पूर्वी मुंबईत दर दोन गल्ल्यांनंतर पद्मिनीचा कारागीर भेटायचा कारण टॅक्सीच ती होती. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये काळ्यापिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या आणि त्यांच्यावर पोट असलेले मिस्त्री पण हळूहळू दुसऱ्या कामाला लागले, आता गॅरेजमधली पोरं बॉनेट उघडून पहिलं विचारतात स्कॅनर कुठे लावायचा. त्यामुळे थोडं स्वतःच शिकावं लागतं. मी पद्मिनीवरून सांगतोय पण अँबेसेडर, हेराल्ड, जुनी जीप, जिथे जिथे पॉइंट-कंडेन्सरवालं जुनं इग्निशन आहे तिथे बहुतेक हेच चालेल.

आधी करंटचा रस्ता डोक्यात बसवा, दोन मिनिटांचं काम आहे. बॅटरीतून वायर इग्निशन स्विचला, चावी फिरवली की स्विचमधून कॉइलच्या प्लसला, कॉइलच्या मायनसमधून बारीक वायर डेल्कोला (म्हणजे डिस्ट्रिब्यूटरला), डेल्कोच्या आत पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे दोन कॉन्टॅक्ट, आणि पॉइंट मिटले की तिथून बॉडीला अर्थ. पॉइंट उघडले की (तिथली ठिणगी दाबायला कंडेन्सर असतो) कॉइलमधला करंट तुटतो आणि त्या तुटण्याच्या झटक्यात कॉइल हजारो व्होल्टचा स्पार्क मारते, तो मधल्या जाड वायरने डेल्कोच्या कॅपमध्ये येतो आणि रोटर तो एकेका प्लगला वाटतो. म्हणजे दोन भाग झाले, बारा व्होल्टचा आणि जाड वायरींचा. चालता चालता पूर्ण बंद पडणं आणि परत आपोआप चालू होणं हा प्रकार बहुतेक वेळा बारा व्होल्टच्या भागातला असतो, आणि त्यातही पार्टमध्ये कमी, जोडावर जास्त. वायर जिथे कशाला तरी जोडलीय तिथे शोधा.

पण त्याच्याही आधी हे वायरिंगच आहे की पेट्रोल हे ठरवा. पेट्रोल कमी पडलं तर गाडी आधी कुरकुर करते, पिकअप जातो, दोनचार झटके देते, चोक ओढला तर जरा सावरते, मग मरते. करंट गेला तर कुणीतरी चावी काढून घेतल्यासारखी जाते, एकदम. आणि चालत्या गिअरमध्ये करंट जाऊन परत आला तर सायलेन्सरमधून फाट्टकन आवाज येतो कारण मधल्या वेळात न जळलेलं पेट्रोल तिथे साठलेलं असतं. आता ह्यात एक फसवाफसवी आहे. टॅक्सीवाले पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे आठवतंय ना, उन्हात पंप तापला की पेट्रोलची वाफ होऊन लाइन अडते म्हणून. तर गाडी बंद पडली, आपण फडकं टाकलं, दहा मिनिटं थांबलो, गाडी चालू झाली, आणि आपण म्हणालो बघा पेट्रोलच होतं. पण त्या दहा मिनिटांत कॉइल पण थंड झाली ना! तापल्यावर आतून तुटणारी आणि गार झाल्यावर जुळणारी कॉइल अगदी हेच नाटक करते. त्यामुळे थांबल्यावर चालू झाली ह्याच्यावरून काहीच ठरवू नका, बंद पडली त्या क्षणी तपासा.

त्या क्षणी काय बघायचं? पहिली गोष्ट फुकट आहे, डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा. गाडी गेली की क्लच दाबा, बाजूला घ्या, चावी चालूच ठेवा आणि दिव्याकडे बघा. (क्लच दाबला नाही तर चाकं इंजिन फिरवत राहतात, दिवा लागत नाही आणि तुम्ही फसता.) इंजिन थांबलंय, चावी चालू आहे, म्हणजे लाल दिवा लागायलाच हवा. नाही लागला तर इग्निशन स्विचपर्यंत किंवा स्विचमध्येच करंट तुटतोय. बॅटरीचे टर्मिनल, तिथून येणारी वायर, स्विचच्या मागची पिन, इथे बघा. लागला तर स्विच बरोबर आहे आणि गडबड त्याच्यापुढे आहे. आमचा लागत होता.

दुसरी गोष्ट वीसतीस रुपयांची आहे आणि सगळ्यात कामाची. डॅशबोर्डमध्ये असतो तसला बारा व्होल्टचा छोटा बल्ब घ्या, तीन-पाच वॉटचा, होल्डरसकट, त्याला दोन लांब वायरी लावा, टोकाला मगर क्लिप, लॅमिंग्टन रोडला हे सगळं एकाच दुकानात मिळतं. एक क्लिप कॉइलच्या प्लसला, दुसरी चांगल्या स्वच्छ बॉडीला, आणि वायरी बॉनेटच्या फटीतून, खिडकीतून आत घेऊन बल्ब डॅशबोर्डवर चिकटपट्टीने चिकटवा. वायर फॅनमध्ये आणि गरम मॅनिफोल्डवर (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपवर) जाणार नाही एवढं बघा, प्लसची क्लिप बॉडीला टेकणार नाही म्हणून तिच्यावर रबरी स्लीव्ह चढवा, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत इग्निशनच्या लाइनला फ्यूजच नसतो, टेकलं तर पूर्ण वायरिंगच धूर काढेल. आता हे लावून आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा. शेजारी विचारतील हे काय लावलंय, सांगा देवासमोरचा दिवा आहे.

गाडी झटका खाते त्या वेळी बल्ब विझला तर कॉइलपर्यंत करंटच येत नाहीये. बल्ब पेटलेला आणि गाडी मेलेली, तर कॉइलपासून पुढे बघायचं, म्हणजे कॉइल, डेल्कोची बारीक वायर, पॉइंट, कंडेन्सर. ह्या एका बल्बने अर्धी गाडी संशयातून बाहेर पडते, आणि मला आजही राग येतो की पाच पार्टचे पैसे दिल्यावर मला हे सुचलं.

आमचा बल्ब कलानगरच्या सिग्नलला विझला. लाल दिवा चालू, कॉइलवरचा बल्ब बंद. म्हणजे स्विचपासून कॉइलपर्यंतची एवढीशी वायर, बास. ती पुढे सांगतो, आधी ज्यांचा बल्ब पेटलेला राहतो त्यांचं बघू.

बल्बची क्लिप आता कॉइलच्या मायनसला लावा, दुसरी बॉडीलाच. डेल्कोतून येणारी वायर तशीच राहू द्या. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पॉइंट उघडझाप करतात तसा बल्ब लुकलुकला पाहिजे. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीयेत किंवा मिटूनही अर्थ मिळत नाहीये, म्हणजे पॉइंटवर तेल-कचरा, गॅप चुकलेली, नाहीतर कॉइल ते पॉइंट वायर आतून तुटलेली. अजिबात पेटला नाही आणि प्लसला मात्र करंट आहे, तर मायनस कुठेतरी बॉडीला टेकलाय, कंडेन्सर शॉर्ट झालाय, पॉइंट उघडतच नाहीत, नाहीतर कॉइलच आतून तुटलीय. हे फक्त सेल्फ मारून बघायचं हं, इंजिन चालू असताना मायनसवर बल्ब किंवा स्वस्तातला डिजिटल मीटर (मल्टिमीटर) ठेवू नका, तिथे पॉइंट उघडताना दोन-तीनशे व्होल्टचे झटके येतात, मीटर जातो.

डेल्कोची कॅप काढल्यावर बाहेरून आत येणाऱ्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत बोटाएवढी एक मऊ वायर दिसेल. वरचं कापड किंवा प्लास्टिक शाबूत असतं आणि आत तांब्याच्या तारा तुटून दोनचारच उरलेल्या असतात, नुसतं बघून कळत नाही. ज्या डेल्कोला व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (स्पार्कची वेळ आपोआप पुढेमागे करणारी सोय) आहे तिथे आतली प्लेट सतत हलते आणि ही वायर तेवढ्यासाठीच मऊ ठेवलेली असते, कुणीतरी ती तुटल्यावर घरच्या फिटिंगची कडक वायर लावून देतो आणि सहा महिन्यांत परत तेच. चिमट्याने धरून हळूच ओढा, रबरासारखी ताणली गेली तर आत काही उरलेलं नाही. तिथेच टर्मिनलखालचे फायबरचे वॉशर बघा, उलटे-पालटे बसले किंवा झिजले की टर्मिनल मधूनच बॉडीला टेकतो. कंडेन्सरचा स्क्रू पण आवळून बघा, त्याचा अर्थ त्या स्क्रूमधूनच मिळतो. पॉइंट काळे पडून एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झाला असेल तर कंडेन्सर बदला, आणि जुना जो चांगला निघेल तो फेकू नका, हल्ली नवे कंडेन्सर जे येतायत त्यांच्यापेक्षा तीस वर्षांपूर्वीचा कधीकधी जास्त भरवशाचा असतो असं माझं मत आहे. पॉइंटची गॅप फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्यांनी) लावा, साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या मधे येते, गाडीच्या बुकात जे असेल ते धरा. काडेपेटीचा कागद घालून गॅप लावणारे मिस्त्री मी पण पाहिलेत, रस्त्यात अडकल्यावर ठीक आहे, घरी नको.

कॉइलवर संशय असेल तर मीटरने प्लस-मायनसमधला ओहम मोजा, थंड असताना आणि गाडी तासभर फिरवून तापल्यावर. साध्या बारा व्होल्टच्या कॉइलला तीन ओहमच्या आसपास येतो. तापल्यावर आकडा नाचायला लागला किंवा मीटर काहीच दाखवेना तर कॉइल गेली. कॉइलवर बाहेरचा रेझिस्टर लावून वापरा असं लिहिलं असेल तर तिचा ओहम कमी, दीडच्या आसपास असतो, तो बिघाड नव्हे, पण मग तो रेझिस्टर आणि त्याचे दोन जोड पण तपासायचे.

आता ज्यांचा बल्ब विझतो, माझ्यासारख्यांचं. पहिलं म्हणजे गाडी जागेवर चालू ठेवून हलवाहलवी. चावी हळूच डावी-उजवी, वर-खाली हलवा. आपल्याकडे चावीला सिद्धिविनायकाचं किचेन, घराच्या दोन, ऑफिसच्या तीन, दुकानाच्या शटरची एक असा अर्धा पाव वजनाचा झुबका लटकत असतो आणि तो वर्षानुवर्षं स्विच झिजवतो, खड्ड्यात तो झुबका उसळला की आतला कॉन्टॅक्ट सुटतो. मग स्विचच्या मागच्या पिना एकेक करून, मग फायरवॉलच्या, म्हणजे केबिन आणि इंजिनमधल्या पत्र्याच्या, रबरी ग्रोमेटमधून वायर जिथे इंजिनकडे जाते तिथे, तिथला रबर फाटून पत्रा वायरला घासतो. लाकडी पट्टीने हलवा, हाताने ढकलत बसू नका, फॅन आणि जाड वायरी दोन्ही जवळच असतात.

हलवून काही कळलं नाही तर बायपास. कॉइलच्या प्लसवरची मूळ वायर काढून तिला नीट टेप गुंडाळा आणि बॅटरीच्या प्लसपासून कॉइलच्या प्लसला नवी वायर थेट द्या, बॅटरीच्या अगदी जवळ दहा अँपिअरचा फ्यूज घालून. मूळ वायर काढायला विसरलात तर करंट उलटा स्विचकडे जाऊन सगळे मीटर आणि दिवे चालू राहतील. असं केल्यावर गाडी चावीने बंद होणार नाही हे ध्यानात ठेवा, बंद करायला वायर काढावी लागते, नाहीतर हाताशी एक स्विच घाला, आणि इंजिन बंद असताना ती जोडलेली सोडू नका, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून बाद होते. बाहेरच्या रेझिस्टरवाली कॉइल असेल तर थेट बारा व्होल्ट नको. दोन-तीन दिवस असं चालवून बिघाड एकदाही आला नाही तर पक्कं, जुन्या वायरीतच आहे. मी चार दिवस माहीम-ठाणे केलं, एक झटका नाही.

मीटर असेल तर अजून एक तपासणी करा, ही मला एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनने शिकवली आणि ह्याच्यात अर्धवट सुटलेले जोड पकडले जातात. चावी चालू, पॉइंट मिटलेले, मीटर वीस व्होल्टवर, लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं टोक कॉइलच्या प्लसला. आलेला आकडा म्हणजे वाटेत गळालेले व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर छान. मग वाटेतल्या एकेका जोडावर काळं टोक मागे मागे आणत जायचं, जिथे आकडा एकदम पडला तिथे आजार. तीन ओहमची कॉइल साधारण चार अँपिअर ओढते, त्यामुळे एखाद्या गंजलेल्या जोडात एक ओहम जरी आला तरी करंट तीनवर येतो आणि तीन व्होल्ट तिथेच जातात, कॉइलला उरतात नऊ. मजा म्हणजे तोच जोड करंट न देता मोजला तर मीटर पूर्ण बारा दाखवतो! म्हणून वायर काढून, बारा येतायत ना मग ठीक आहे, म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हे एकदोन मिनिटांत उरका, चावी चालू ठेवून गप्पा मारत बसलात तर परत कॉइल तापते.

अर्थिंग पण ह्याच पद्धतीने मोजायचं, कॉइलच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत पाव व्होल्टच्या वर नको. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं म्हणून इंजिन ते बॉडी एक वेगळी पट्टी असते, ती समुद्राच्या हवेत हिरवी पडून तुटते. मग सेल्फचा एवढा करंट जायला रस्ता शोधतो आणि चोकच्या नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली तर बाकी सगळं सोडून आधी ती पट्टी बदला.

पावसाळ्यातच सकाळी मिसिंग आणि दुपारपर्यंत ठीक असं असेल तर मात्र जाड वायरींचा भाग. रात्री अंधारात बॉनेट उघडून गाडी चालू करा आणि स्प्रेच्या बाटलीने जरासं पाणी लांबून मारा, निळ्या ठिणग्या जिथे नाचतील तिथली वायर किंवा कॅप बदला. कॅपच्या आत पेन्सिलीने रेघ मारल्यासारखी काळी रेघ असेल तर पुसू नका, कॅपच फेका.

तर स्विच ते कॉइल. मी डॅशबोर्डखाली डोकं घालून, पाय खिडकीबाहेर, टॉर्च तोंडात धरून आडवा झालो. स्टिअरिंगच्या डाव्या हाताला, डॅशबोर्डच्या आत, काळ्या टेपचा एक गोळा लोंबत होता, मुंबईच्या उन्हाने टेपचा गोंद काकवीसारखा वितळून पुन्हा आळलेला. तो सोडवला तर आत चोर स्विच! टॉगलवाला, जुना, ज्याच्यामुळे चावी असूनही कॉइलला करंट जात नाही तो. दोन्ही बाजूंना वायरी नुसत्या पिळलेल्या, ना सोल्डर ना लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टर्मिनल), तांबं काळंकुट्ट. आणि ही जागा बरोबर उंच माणसाच्या डाव्या गुडघ्याच्या रेषेत. मेव्हणा सहा फूट एक इंच आहे. क्लच दाबून गुडघा वर आला की गोळ्याला टेकायचा. माझ्या हातात ती फक्त मोठ्या खड्ड्यातच जायची.

बाबांना विचारलं तर म्हणाले, "अरे हो, तो मीच बसवून घेतला होता, खालून स्टिरिओ चोरीला गेला होता तेव्हा. मला वाटलं तुला माहितीय."

दुरुस्ती करताना पिळून टेप मारण्याचा मोह टाळा, परत तीस वर्षांनी कुणाचा तरी मुलगा डॅशबोर्डखाली डोकं घालेल. बॅटरीची वायर काढा. काळी पडलेली तार चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा, लांबी कमी पडली तर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची ऑटो वायर घ्या, बारीक तारांची, घरच्या फिटिंगची एकतारी नको, आणि जमलं तर त्याच रंगाची. आधी श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आकसणारी नळी, वायरवर चढवा, (हे मी दर वेळी विसरतो), मग लग क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबा, साध्या पक्कडीने चेपलेला लग ओढून बघा, सुटतोच. श्रिंक गरम करून बसवा आणि वायर पट्ट्याने अशी बांधा की कुणाचा गुडघा पोचणार नाही. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करून आवळा आणि वरून व्हॅसलीन.

चोर स्विच मी काढूनच टाकला. कॉइलवरचा बल्ब मात्र अजून महिनाभर राहू देणार आहे, कारण एकच जोड खराब असेल असं कुठे लिहिलंय. मेव्हण्याने गेल्या रविवारी पनवेलपर्यंत नेऊन आणली, बल्ब विझला नाही, आणि आता तो घरातल्या प्रत्येकाला फोन करून सांगतोय.